दहा गाणी आणि एक वाक्य

दारात उभ्या असलेल्या पोराने "गायिका नीव्हेस इथंच राहतात का?" असं विचारलं, तेव्हा नीव्हेसने सरळ सांगून टाकलं, "मेली ती."

पोरगा म्हणायचं ते आपलं नीव्हेसच्या मानाने. चांगला पस्तिशीचा बाप्या होता. तुरीनहून पहाटे निघून धुक्यातून चाचपडत आला होता आणि एवढ्या लांब येऊन 'मेली' ऐकायची त्याची तयारी नव्हती. त्याने काखेतल्या कापडी पिशवीतून एक रेकॉर्ड काढली. कव्हरवर नदीच्या बांधावर सायकल धरून एक मुलगी उभी होती. त्याने एकदा कव्हरकडे पाहिलं, एकदा नीव्हेसकडे.

"नाक तेच आहे," तो म्हणाला.

नीव्हेसला हसू आलं आणि तिथेच तिचं चुकलं. एकदा हसल्यावर माणसाला धुक्यात उभं ठेवता येत नाही. तिने त्याला स्वयंपाकघरात घेतलं, कॉफी ठेवली.

त्याचं नाव याकोपो. जुन्या, कोणी न ऐकलेल्या रेकॉर्डी शोधून त्या पुन्हा छापायच्या, हा त्याचा धंदा. असा धंदा असू शकतो हेच नीव्हेसला नवीन होतं. ही रेकॉर्ड त्याला पादोव्हाच्या जुन्या बाजारात, तडा गेलेल्या ताटल्यांच्या खोक्याखाली सापडली होती. त्याने दोन गाणी इंटरनेटवर टाकली आणि आता जपानातले लोक त्याला पत्रं लिहून विचारत होते, ही बाई कोण?

"जपानातले," नीव्हेस म्हणाली. "इथे गावात कोणी विचारलं नाही पन्नास वर्षांत."

ते खरंच होतं. एकाहत्तर साली रेकॉर्ड निघाली, खपली नाही, दीड वर्षात कंपनीने गाशा गुंडाळला आणि उरलेल्या प्रती रद्दीत गेल्या. नीव्हेसची स्वतःची प्रत कोणीतरी ऐकायला नेली ती परत आली नाही, तिनेही मागितली नाही. पुढे चाळीस वर्षं तिने घराच्या पुढच्या खोलीत गावातल्या बायकांचे केस कापले. केस कापताना बायका नवऱ्याची, सासूची, पाद्र्याची सगळी लफडी बोलायच्या, पण नीव्हेसच्या गाण्यांबद्दल कोणी चकार शब्द काढायचं नाही. गाव विसरलं, असं तिने धरलं होतं. आणि गाव विसरलं याचं तिला बरंच वाटायचं.

याकोपोने गाडीतून पेटीसारखा एक छोटा रेकॉर्डप्लेअर आणला आणि टेबलावरची भाजी बाजूला सारून तो मांडला. पहिलं गाणं लागलं. स्वतःचा आवाज तिला ओळखू आला नाही. कोणीतरी उगाच आशेवर असलेली मुलगी गात होती. पण दुसऱ्या कडव्यात मागून अकॉर्डियन आलं, नीट सुरावर यायच्या आधी किंचित अडखळणारं, आणि नीव्हेसचा हात कॉफीच्या कपावरच थांबला. ती बोटं तिला पाठ होती. नवरा जाऊन पंचवीस वर्षं झाली होती आणि इथे तो भाजीच्या शेजारी बसून वाजवत होता.

"सुंदर आहे ना?" याकोपो हरखून म्हणाला. त्याने कव्हर उलटं केलं. "दहाही गाणी, शब्द आणि संगीत एर्मेते व्हाल्दिनी! एरवी हा मायेस्त्रो म्हणजे टीव्हीसाठी गोड गोड वाजवणारा माणूस. आणि मधेच हे असलं? मी त्याच्यावर आठ पानं लिहिली आहेत, सिन्योरा. नव्या रेकॉर्डसोबत छापणार."

नीव्हेसने कप नेऊन मोरीत ठेवला. पाठ त्याच्याकडेच ठेवून ती म्हणाली, "ती गाणी त्याची नाहीत. माझ्या नवऱ्याची आहेत. ओत्तोरिनो मारांगोन."

याकोपोला फार समजावावं लागलं नाही. त्या काळची रीत त्याला माहीत होती. गाणं कोणीही रचावं, पण त्यावर नाव घालायचं तर रोमला जाऊन परीक्षा द्यावी लागे. तिथले साहेब एक चाल हातात देत आणि बंद खोलीत बसून ती कागदावर सुरांसकट मांडायला सांगत. ओत्तोरिनो बिटाची साखर करणाऱ्या कारखान्यात, बीट धुवायच्या पाटावर कामाला. त्याला सूर कळत, कागदावरचे ठिपके कळत नसत. दोनदा रेल्वेने रोमला गेला आणि दोनदा नापास होऊन आला. अशा लोकांची गाणी मग परीक्षा पास झालेला कोणीतरी मायेस्त्रो स्वतःच्या सहीने नोंदवी. त्यात कोणाला चोरी वाटत नसे. 'तू पास झालास की नाव बदलू' असं सांगत आणि सांगणाऱ्याला व ऐकणाऱ्याला दोघांनाही ते खरं वाटे.

"पण आता हक्क मायेस्त्रोच्या मुलीकडे आहेत," याकोपो म्हणाला. "फुल्व्हिया व्हाल्दिनी, मिलानला असते. वडिलांच्या नावाला हात लावू देणार नाही. काहीतरी पुरावा लागेल. गावात कोणाला माहीत होतं का?"

"कोणाला नाही," नीव्हेस चटकन म्हणाली.

"मग तुम्ही सांगा. तुमच्या तोंडचं छापतो."

सांगणं कठीण नव्हतं. पण सांगितलं की कोणीही विचारणार, तेव्हा का नाही सांगितलं बाई?

तेव्हाची गोष्ट अशी. सप्टेंबरात रेकॉर्ड निघाली आणि गावच्या नाचघरात समारंभ झाला. त्या सकाळी ओत्तोरिनो आरशासमोर दाढी करत होता. तोंडाला फेस तसाच ठेवून तो म्हणाला, "कागदावर राहू दे मायेस्त्रोचं नाव. पण आज आपल्या माणसांसमोर एकदा सांगशील का? एकदाच."

"सांगीन की," नीव्हेस म्हणाली.

संध्याकाळी मायेस्त्रो पांढऱ्या गाडीतून आला. त्याने तिला बाजूला घेऊन सांगितलं, पुढच्या वर्षी टीव्हीवरच्या गाण्यांच्या स्पर्धेसाठी तुझं नाव सुचवतोय, तेवढं आज भलतंसलतं काही बोलू नकोस. मग रोव्हीगोच्या पेपरच्या बातमीदाराने तिच्या तोंडासमोर माईक धरला आणि सगळ्या नाचघरादेखत विचारलं, ही गाणी कोणाची? मागे तीन पावलांवर ओत्तोरिनो अकॉर्डियन गळ्यात घेऊन उभा होता. चोवीस वर्षांच्या नीव्हेसने गोड हसून सांगितलं, "मायेस्त्रो व्हाल्दिनींची." टाळ्या पडल्या. ओत्तोरिनोने पुढचं गाणं वाजवायला घेतलं आणि एकही सूर चुकवला नाही. घरी आल्यावर तो एवढंच म्हणाला की मक्याचं पोलेंता भांड्याला लागलंय. स्पर्धेचं बोलावणं पुढे कधी आलंच नाही. आणि त्यानंतर ओत्तोरिनोने एकही गाणं केलं नाही. शनिवारी नाचघरात वाजवायचा, दुसऱ्यांची.

हे सगळं आता या तुरीनच्या माणसाला सांगायचं? त्यापेक्षा तिच्याकडे चांगली सोय होती.

"पुरावा आहे," ती म्हणाली. "टेप."

ओत्तोरिनोला सूर कागदावर लिहिता येत नसत म्हणून तो गाणी टेपरेकॉर्डरवर गुणगुणून ठेवायचा आणि ती ऐकून मायेस्त्रोचा माणूस कागदावर उतरवून घ्यायचा. ती टेप नीव्हेसकडे होती. कपाटावर, नाताळच्या देखाव्यातल्या मेंढ्या आणि मेंढपाळ ज्या खोक्यात ठेवायचे त्या खोक्यात. डबीवर ओत्तोरिनोच्या वेड्यावाकड्या अक्षरात दहा गाण्यांची नावं होती. दर डिसेंबरला मेंढ्या काढताना ती डबी हाताला लागे आणि नीव्हेस ती न उघडता परत ठेवी. ऐकण्याची तिची छाती झाली नव्हती. पण आहे, सुखरूप आहे, एवढा आधार होता.

याकोपो टेपकडे बघत राहिला. असली रिळं चालतील असं यंत्र त्याच्याकडे तुरीनला होतं. टेप घेऊन जाऊ का, असं त्याने विचारलं. "इथून हलायची नाही," नीव्हेस म्हणाली. मग बिचारा पुढच्या रविवारी यंत्र घेऊन पुन्हा आला, पुन्हा तसल्याच धुक्यातून.

तो आठवडा नीव्हेसचा फार चांगला गेला. तिने पुढची खोली झाडली, ओत्तोरिनोचा फोटो पुसला आणि कबरस्तानात जाऊन त्याला सांगून आली की आता येतंय तुझं नाव, तुझ्याच तोंडून येतंय. आपल्याला काही बोलावं लागणार नाही, ही गोष्ट तिने त्याला सांगितली नाही.

रविवारी याकोपोने रीळ चढवलं, फीत हलक्या हाताने ओवली आणि बटण दाबलं. आधी खरखर झाली. मग खुर्ची सरकल्याचा आवाज. मग एका तरुण बाईचा आवाज, घाईतला.

"दाबलं बटण. अरे, पण डबीवर काहीतरी लिहिलंय तुझं. काही होतं का हिच्यात?"

थोडा वेळ नुसतीच खरखर. मग ओत्तोरिनो, अगदी जवळून.

"नाही. हिच्यात काही नाही. गप्प बस आता, सुरू होतंय."

आणि मग टीव्हीवरच्या निवेदकाचा दणदणीत आवाज, टाळ्या आणि 'वाद्यवृंद संचालक, मायेस्त्रो एर्मेते व्हाल्दिनी!'

नीव्हेसला ती संध्याकाळ लख्ख आठवली. बहात्तर सालची स्पर्धा. त्या काळी सगळेच असं करायचे, टीव्हीसमोर माईक धरून गाणी उतरवून घ्यायची, घरातल्यांना शपथ घालून गप्प बसवायचं, आणि नेमकं कोणीतरी शिंकायचं. तिला मायेस्त्रोचा कार्यक्रम उतरवून घ्यायचा होता, कारण अजून तिला आशा होती. घरात कोरी टेप नव्हती. ओत्तोरिनोने कुठून तरी एक काढून दिली होती. कुठून, ते तिने पन्नास वर्षांत स्वतःला विचारलं नव्हतं.

याकोपोने टेप शेवटपर्यंत ऐकली. मग उलटी बाजू ऐकली. तिथेही तीच स्पर्धा. कुठेतरी टोकाला चार सेकंद तरी गुणगुणणं उरलं असेल म्हणून तो कान लावून बसला होता, पण कार्यक्रम फितीपेक्षा लांब होता. आधीचं सगळं पुसलं गेलं होतं, काहीच उरलं नव्हतं. मधे एकदा ओत्तोरिनो खोकला, तेवढंच.

"माफ करा, सिन्योरा," याकोपो म्हणाला.

"सुरुवात पुन्हा लाव."

त्याने लावली. तिने ती तीनदा ऐकली. त्या थोड्या वेळाच्या खरखरीत ओत्तोरिनो काय विचार करत बसला असेल, ते तिला कळत होतं आणि कळून जीव जात होता. एक शब्द बोलला असता तर तिने बटण बंद केलं असतं. केलं असतं का? तेही तिला खात्रीने सांगता येईना.

"तुझ्या त्या फोनवर आवाज घेता येतो ना?" ती म्हणाली. "घे."

आणि तिने सांगितलं. दाढीचा फेस, पांढरी गाडी, माईक, तीन पावलं. स्वतःला कुठेही सोडलं नाही. बोलून झाल्यावर तिने नाक पुसलं आणि म्हणाली, "हे छाप. सगळं छाप."

याकोपोने ते मिलानला पाठवलं. फुल्व्हिया व्हाल्दिनीचं उत्तर वकिलामार्फत आलं आणि ते अत्यंत सभ्य होतं. सिन्योरांच्या वयाबद्दल आदर आहे. परंतु पुराव्याअभावी या गाण्यांशी दुसऱ्या कोणाचंही नाव कुठेही जोडता येणार नाही. जोडल्यास परवानगी रद्द.

"म्हणजे संपलं," नीव्हेस फोनवर म्हणाली.

"संपलं," याकोपो म्हणाला. मग म्हणाला, "गाण्यांशी जोडता येणार नाही, असं लिहिलंय. ते टेपवरचं बोलणं काही गाणं नाही."

फेब्रुवारीत तो नवी रेकॉर्ड घेऊन आला. बंद घरात ऐकायची नीव्हेसला भीती वाटत होती, म्हणून ती त्याला त्याच्या पेटीसारख्या रेकॉर्डप्लेअरसकट चौकातल्या बारमध्ये घेऊन गेली. बार आता मेई नावाच्या चिनी बाईचा आहे, पण कोपऱ्यातलं टेबल अजून सान्ते आणि बेप्पीचं आहे. दोघे कारखान्यात ओत्तोरिनोबरोबर होते. आता ऐंशीच्या पुढचे, सकाळपासून पत्ते कुटत बसतात आणि एकमेकांवर लबाडीचे आरोप करतात.

"नीव्हेस, या वयात तरणा मित्र?" सान्ते ओरडला.

"तुझ्यापेक्षा दात जास्त आहेत त्याला," नीव्हेस म्हणाली.

मेईने काउंटरवर जागा करून दिली. रेकॉर्ड फिरू लागली. नीव्हेसने चष्मा लावून कव्हरची मागची बाजू वाचली. दहा गाणी, प्रत्येकापुढे ए. व्हाल्दिनी. आत मायेस्त्रोवरची पानं, आठाची याकोपोने दोनच ठेवली होती. आणि गाण्यांच्या खाली, बारीक अक्षरात, एक अकरावी ओळ होती. 'हिच्यात काही नाही. आवाज: ओत्तोरिनो मारांगोन.' तिने त्या नावावरून बोट फिरवलं. यासाठी रोमला जावं लागलं नव्हतं.

गाणी चालू असताना कोपऱ्यात पत्ते चालूच होते. पण टाकताना पान आपटायचं, ते मात्र दोघांनी बंद केलं होतं. सायकलवरचं गाणं आलं तेव्हा सान्तेचे ओठ हलत होते. नीव्हेसला वाटलं, कसलीतरी शिवी पुटपुटतोय.

दुसरी बाजू संपत आली. शेवटचं गाणं विरलं, खरखर आली, खुर्ची सरकली, आणि ओत्तोरिनो सगळ्या बारमध्ये मोठ्याने म्हणाला, "नाही. हिच्यात काही नाही. गप्प बस आता, सुरू होतंय." आणि सुई उचलली गेली.

सान्तेने पत्ते खाली ठेवले. "हा ओत्तोरिनो."

"हो."

"काय म्हणाला? कशात काही नाही?"

नीव्हेस काउंटरला धरून उभी राहिली. बारमध्ये सहासात माणसं होती. नाचघरात तीनशे होती. पण तिला वाटलं, सहा तर सहा. "खोटं बोललाय तो," ती म्हणाली. आवाज फाटला तरी थांबली नाही. "सगळं हिच्यातच होतं. ही दहाच्या दहा गाणी त्याची आहेत. व्हाल्दिनीचं त्यात एक अक्षर नाही. मला त्या दिवशी नाचघरात सगळ्यांदेखत विचारलं होतं आणि मी..."

"अगं, माहीत आहे," सान्ते म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"त्याची आहेत ते. पाटावर माझ्या शेजारी उभा असायचा. बीट धुताना दुसरं करायला होतं काय? हे सायकलचं तर तीन हंगाम चाललं होतं, मधली ओळ बसत नव्हती त्याची. रोज नवी ओळ, आणि रोज आम्ही म्हणायचो, कालचीच बरी होती. आमच्या पाळीला सत्तर माणसं होतो, नीव्हेस. तू रेकॉर्ड केलीस त्याच्या आधीपासून सत्तर जणांना पाठ होती."

याकोपो पुढे आला. त्याच्या हातात कव्हर तसंच होतं. "सत्तर? आत्ता त्यातले किती जण आहेत?"

सान्तेने टेबलाभोवती पाहिलं. "मी," तो म्हणाला. "आणि हा बेप्पी. पण त्याला आता फक्त पत्ते ऐकू येतात."

याकोपोने कव्हर काउंटरवर ठेवलं. पाचशे प्रती छापून झाल्या होत्या, निम्म्या जपानच्या वाटेवर होत्या. मेईने नीव्हेससाठी खुर्ची ओढली, पण ती बसली नाही.

"मग तुम्ही कोणी बोलला का नाहीत?" तिने विचारलं. "एवढी वर्षं. तुझी बायको दर महिन्याला माझ्याकडे केस कापायला यायची, सान्ते."

"तू तिकडे सांगितलंस मायेस्त्रोची म्हणून. दुसऱ्या दिवशी हा पाळीवर आला, आम्ही सगळे भडकलेले. तर हा म्हणतो, तिने जे सांगितलं तेच खरं, माझ्या घरात कोणी लुडबूड करायची नाही. मग काय बोलणार आम्ही?"

त्याने पत्ते पुन्हा उचलले, हातात नीट लावले, पण पान टाकलं नाही.

"आणि आम्हाला वाटलं," तो म्हणाला, "तू कधीतरी सांगशील."